नववीतल्या मुलीला खगोलशास्त्रातल्या एका स्त्रीवर प्रकल्प करायचा आहे. कोणाला निवडावं? आम्ही फोंड्याला राहतो.

हेन्रिएटा लेविट, डोळे झाकून! सेसिलिया पेन (तारे मुख्यतः हायड्रोजनचे, १९२५) आणि जोसेलिन बेल (पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारा तारा, १९६७) याही मोठ्याच, पण लेविटच्या कामाचा एक भाग तुमची मुलगी स्वतःच्या डोळ्यांनी पडताळू शकते.

हार्वर्ड वेधशाळेत ती काचेच्या फोटोपट्ट्यांवरून ताऱ्यांची तेजस्विता मोजायची, ताशी ३० सेंटवर. सेफिड तारे ठरावीक काळाने मंद-तेजस्वी होतात. जितका तारा मूळचा तेजस्वी, तितका हा काळ मोठा, हे तिने २५ ताऱ्यांवरून दाखवलं. म्हणजे काळ मोजला की मूळची तेजस्विता कळते, आणि तारा आपल्याला किती मंद दिसतो यावरून त्याचं अंतर. त्यामुळे आकाशगंगेबाहेरची अंतरं मोजता आली; देवयानी ही वेगळी दीर्घिका आहे हे हबलने याच नियमाने ठरवलं. आणि १९१२ च्या त्या निबंधाखाली सही होती संचालक पिकरिंगची! मला याचं अजून वाईट वाटतं.

आता प्रकल्प: पाऊस सरला की दिवाळीनंतर संध्याकाळी उत्तरेला डेल्टा सेफी हा सेफिड तारा शोधा. शहराच्या दिव्यांपासून लांब, सत्तरीकडे कुणी नातेवाईक असतील तर उत्तमच. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून रोज नोंद ठेवायची. ५ दिवस ९ तासांचं चक्र आहे, दुर्बीणही लागत नाही.