रूल चुकीचा वाटतो, मग गुपचूप मोडू का?

सरकारी नोकरीतले लोक माझ्याकडे सल्ल्याला बहुतेक बदली नाहीतर साहेबाचा जाच घेऊन येतात, पण मधूनच कोणीतरी विचारतं की कायदाच अन्यायाचा वाटतोय तर राबवायचा कसा. असेच एकजण आले (तपशील बदललेत), विवाह अधिकारी. १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये (वेगळ्या धर्माच्या दोघांनाही धर्म न बदलता लग्न करता येतं तो कायदा) लग्नाआधी नोटीस ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावावी लागते आणि ३० दिवस थांबावं लागतं. यांच्या बोर्डावरच्या नोटिशीचा कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून मुलीच्या गावच्या ग्रुपवर टाकला, घरचे येऊन तिला घेऊन गेले, ती परत आलीच नाही.

"मॅडम, पुढच्या जोडप्याच्या नोटिशीवर मागची तारीख टाकतो नाहीतर नोटीस कपाटामागे चिकटवतो, व्हायचं ते होऊ दे."

म्हटलं, होणार कुणाला? नोटीस न लावता लग्न लावलं तर कलम ४६ प्रमाणे अधिकाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ते तुम्ही एकवेळ सोसाल हो, पण खोटी तारीख त्या पोरांच्या कागदावर राहणार आणि उद्या मुलीकडचा वकील नेमका तिथेच बोट ठेवणार. मिठाचा कायदा मोडणाऱ्यांनी तो उघड मोडला आणि जेलमध्ये स्वतः गेले. आणि शेजारच्या टेबलावरच्याला आंतरधर्मीय लग्नच अन्याय वाटत असेल आणि त्यानेही मनाला पटलं म्हणून फाईल दाबली तर? यावर ते बराच वेळ गप्प.

मग आम्ही ॲक्टच वाचायला घेतला (हे खरं तर वकिलाचं काम, पण असो). हरकत फक्त वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, मानसिक स्थिती असल्या मुद्द्यांवर घेता येते, जात-धर्म किंवा आईबापाचा नकार त्यात नाहीच. नोटीस घरी पाठवा असं कुठेही नाही, दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्येच ते चूक ठरवलंय, तरी यांच्याकडे सवयीने पाठवत होते! शिवाय अशा जोडप्यांना पोलीस संरक्षण द्या, सेफ हाऊसचा विचार करा हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय, म्हणजे नोटीस घेतानाच ही माहिती हातात देता येते.

घरी पाठवणं त्यांनी बंद केलं. अलाहाबाद हायकोर्टाने २०२१ मध्ये नोटीस लावायची की नाही हे जोडप्यावर सोडलं, त्याचा हवाला देऊन वरिष्ठांना लेखी टिपण दिलं, उत्तर अजून नाही. नाहीच आलं तर, विचारत होते. म्हटलं, मग हे काम माझ्याच्याने होणार नाही असं सरळ लिहून द्या, चौकशी लागली तर तोंड द्या, रजिस्टरला हात लावू नका. त्यांना ते अर्धंच पटलंय.