राष्ट्राध्यक्ष आणि पैसा : वाचकांच्या शंका

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक व्यवहारांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. प्रेमप्रकरणांविषयीची पत्रं बाजूला ठेवली. त्यांत चघळण्यासारखं पुष्कळ असतं, समजून घेण्यासारखं थोडं.

अमेरिकेत साध्या सरकारी अधिकाऱ्यालासुद्धा स्वतःचे शेअर असलेल्या कंपनीच्या फायलीवर सही करता येत नाही म्हणतात. मग राष्ट्राध्यक्ष हॉटेलं कशी चालवू शकतो? (सांगली)

कारण तो कायदा राष्ट्राध्यक्षाला आणि उपराष्ट्राध्यक्षाला लागूच नाही. हितसंबंध गुंतलेले असतील तर अधिकाऱ्याने त्या कामातून बाजूला व्हायचं, असं तिथलं फौजदारी कलम सांगतं. पण राष्ट्राध्यक्ष बाजूला झाला तर निर्णय घेणार कोण? हीच अडचण पुढे करून न्याय खात्याने १९७४ साली तसं मत दिलं आणि १९८९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायद्यातच दोघांना वगळलं.

मग उरतं काय? लाचेचा कायदा उरतो. परकी सरकारांकडून लाभ घेऊ नये हे राज्यघटनेतलं कलम उरतं. त्यावरून ट्रम्प यांच्यावर झालेले खटले मात्र तड लागण्याआधीच संपले. जानेवारी २०२१ मध्ये ते पदावरून गेले आणि प्रश्नच उरला नाही असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते निकालात काढले. बाकी सगळा रिवाज. लिंडन जॉन्सन यांच्यापासून मालमत्ता ‘ब्लाइंड ट्रस्ट’मध्ये ठेवायची पद्धत पडली. खरा ब्लाइंड ट्रस्ट म्हणजे विश्वस्त नात्यातला नको, त्याने जुनी मालमत्ता विकून नवी घ्यायची आणि काय घेतलं ते मालकाला कळू द्यायचं नाही. मुलगे कारभार बघताहेत आणि इमारतीवर आपलंच नाव सोनेरी अक्षरांत आहे, याला ट्रस्ट म्हणा हवं तर. ब्लाइंड म्हणू नका.

राष्ट्राध्यक्षाचं मालमत्तेचं विवरण घरबसल्या वाचता येतं का? वाचताना काय लक्षात ठेवावं? (पुणे)

येतं. निक्सन यांना राजीनामा द्यायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणानंतर १९७८ साली झालेल्या कायद्यानुसार दरवर्षी १५ मेपर्यंत आधीच्या वर्षाचं विवरण द्यावं लागतं. मुदतवाढ मिळू शकते. ‘ऑफिस ऑफ गव्हर्नमेंट एथिक्स’च्या संकेतस्थळावर ते जाहीर होतं. फॉर्मचा क्रमांक २७८-ई.

त्याचे नऊ भाग आहेत. पहिल्यात सरकारबाहेरची पदं, दुसऱ्यात आणि पाचव्यात स्वतःच्या व जोडीदाराच्या नोकरी-धंद्याशी निगडित मालमत्ता आणि उत्पन्न, सहाव्यात इतर मालमत्ता, सातव्यात खरेदी-विक्री, आठव्यात कर्जं, नवव्यात भेटी आणि कोणी केलेला प्रवासखर्च. बहुतेक बातम्या दुसऱ्या आणि सहाव्या भागावर होतात. आमचा सल्ला, आठव्यापासून सुरुवात करा. कोणाकडे किती मालमत्ता आहे यापेक्षा तो कोणाचा देणेकरी आहे हे जास्त बोलकं असतं. सावकाराचं नाव, व्याजाचा दर आणि कर्जाचं वर्ष तिथे दिलेलं असतं.

घोटाळा होतो तो आकड्यांत. रक्कम नेमकी नसते, टप्प्यात असते : १,००१ ते १५,००० डॉलर, मग ५०,०००, एक लाख, अडीच लाख, पाच लाख, दहा लाख असं चढत जातं. पुढे ५० लाख, अडीच कोटी, पाच कोटी. शेवटचा टप्पा ‘पाच कोटींहून जास्त’. म्हणजे सहा कोटींचं गोल्फ मैदान आणि साठ कोटींची इमारत एकाच चौकटीत बसते. सगळे खालचे आकडे मिळवून ‘संपत्ती इतकी’ असं छापणाऱ्यांचं गणित म्हणूनच फसतं. शिवाय धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवलेली रक्कम बहुधा एकूण उलाढालीची असते, नफ्याची नाही. तोट्यातलं हॉटेलही या फॉर्ममध्ये धष्टपुष्ट दिसतं. आणि यात आयकराचा पत्ता नसतो. त्यासाठी वेगळं आयकर विवरणपत्र लागतं, आणि ते जाहीर करणं राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर आहे.

वर्षभर थांबायचं नसेल तर २०१२ च्या स्टॉक कायद्याखालची निवेदनं पाहा. हजार डॉलरांवरचा शेअर-रोख्यांचा व्यवहार कळल्यापासून ३० दिवसांत, आणि काही झालं तरी व्यवहारापासून ४५ दिवसांत कळवावा लागतो. उशीर झाला तर दंड २०० डॉलर. आकडा चुकून कमी छापलेला नाही.

‘मी लुच्चा नाही’ हे निक्सनचं वाक्य वॉटरगेटच्या घरफोडीबद्दल होतं ना? (नाशिक)

वेळ वॉटरगेटची, पण विषय स्वतःच्या पैशाचा. १७ नोव्हेंबर १९७३ ला फ्लॉरिडात डिस्नी वर्ल्डमध्ये संपादकांच्या मेळाव्यात ते हे बोलले. सार्वजनिक सेवेतून आपण कधी कमाई केली नाही, जे आहे ते कष्टाचं आहे, असा त्यांचा रोख होता.

प्रकरण असं. निक्सन यांनी उपराष्ट्राध्यक्षपदाच्या काळातली कागदपत्रं राष्ट्रीय अभिलेखागाराला दान केली, त्यांची किंमत ५,७६,००० डॉलर लावून घेतली आणि ती वजावट अनेक वर्षांत विभागून घ्यायला सुरुवात केली. परिणामी दोन लाख डॉलरांहून जास्त उत्पन्न असताना १९७० चा केंद्रीय आयकर निघाला ७९२ डॉलर ८१ सेंट. पुढच्या वर्षी ८७८ डॉलर.

अशी वजावट तेव्हा कायदेशीर होती. लिंडन जॉन्सन यांनी तर ती घ्या असं सुचवलंही होतं. गडबड तारखेची होती. काँग्रेसने २५ जुलै १९६९ नंतरच्या अशा दानांची सवलत काढून घेतली. कागदांचे खोके मार्चमध्येच अभिलेखागारात पोचले होते, पण दानपत्र तयार झालं एप्रिल १९७० मध्ये आणि त्यावर तारीख घातली मार्च १९६९ ची. खोके पोचणं म्हणजे दान नव्हे. मालकी सोडल्याचा कागद लागतो. काँग्रेसच्या करविषयक संयुक्त समितीने एप्रिल १९७४ मध्ये व्याजासह ४,७६,४३१ डॉलरांची थकबाकी काढली. मागची तारीख घालण्याच्या कटाबद्दल गुन्हा कबूल करावा लागला तो वकिलाला.

यातून दोन गोष्टी रूढ झाल्या. विवरणपत्रं स्वतःहून जाहीर करणं, जे ट्रम्प यांनी मोडलं. आणि पदावरच्या राष्ट्राध्यक्षाच्या विवरणपत्राची दरवर्षी सक्तीची तपासणी. ही सक्ती कायद्यात नाही, १९७७ पासून आयकर खात्याच्या अंतर्गत नियमपुस्तिकेत आहे. तिचं काय होतं ते डिसेंबर २०२२ मध्ये उघड झालं : ट्रम्प यांच्या पहिल्या दोन वर्षांत अशी एकही तपासणी सुरूच झाली नव्हती. पहिली नोटीस निघाली ३ एप्रिल २०१९ ला, नेमकी त्याच दिवशी प्रतिनिधिगृहाच्या समितीने विवरणपत्रं मागवली होती.

प्रतिनिधिगृहाच्या समितीला ट्रम्प यांची आयकर विवरणपत्रं मागवण्याचा अधिकार कुठून आला? (सोलापूर)

शंभर वर्षांपूर्वीच्या तेलातून. राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांचे गृहखात्याचे मंत्री आल्बर्ट फॉल. ‘गृह’ म्हणजे तिथे जमीन, खाणी, जंगल, पोलीस नव्हेत. नौदलासाठी राखलेले तेलसाठे १९२१ मध्ये हार्डिंग यांच्या आदेशाने फॉल यांच्या खात्याकडे आले. वायोमिंगमधला टीपॉट डोम त्यांनी हॅरी सिंक्लेअरला दिला, कॅलिफोर्नियातला एल्क हिल्स एडवर्ड डोहेनीला; दोघेही तेलाचे व्यापारी. टीपॉट डोमला निविदा नव्हतीच. डोहेनीच्या मुलाने काळ्या बॅगेतून एक लाख डॉलर रोख नेऊन दिले. सिंक्लेअरकडून आले सरकारी रोखे.

सिनेटर थॉमस वॉल्श यांना माग लागला तो साध्या निरीक्षणातून. न्यू मेक्सिकोत वर्षानुवर्षं शेतसारा थकवणाऱ्या फॉल यांच्या कुरणाचा अचानक कायापालट झाला होता. पैसे कुठून आले असं विचारल्यावर फॉल यांनी एका वृत्तपत्र-मालकाचं नाव सांगितलं. शपथेवर त्या मालकाने ते नाकारलं, आणि जानेवारी १९२४ मध्ये डोहेनीने ‘मित्राला कर्ज दिलं’ असं कबूल केलं.

निकाल वाचून आजही वकील हसतात. लाच घेतल्याबद्दल १९२९ मध्ये फॉल दोषी : एक वर्ष कैद, एक लाख दंड. तीच लाच दिल्याच्या आरोपातून १९३० मध्ये डोहेनी निर्दोष. पुढे डोहेनीच्याच कंपनीने त्या ‘कर्जा’पोटी फॉल यांचं कुरण ताब्यात घेतलं. हार्डिंग १९२३ मध्येच वारले होते. त्यांनी स्वतः पैसे घेतल्याचा पुरावा नाही.

या गदारोळात १९२४ साली कायदा झाला, की करविषयक समित्यांना कोणाचंही विवरणपत्र आयकर खात्याकडून मागवता येईल. ट्रम्प यांची कागदपत्रं मिळाली ती याच तरतुदीवर, आणि तरीही साडेतीन वर्षं गेली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये हस्तक्षेप नाकारला तेव्हा कुठे.

राजीनामा द्यावा लागलेल्या निक्सनना पेन्शन मिळालं? (अकोला)

मिळालं. १९५८ च्या कायद्यानुसार सिनेटने महाभियोगात दोषी ठरवून काढलेल्यालाच पेन्शन नाही, आणि असा राष्ट्राध्यक्ष आजवर एकही नाही. अँड्र्यू जॉन्सन, क्लिंटन, आणि दोनदा ट्रम्प, सगळे सुटले. रक्कम कॅबिनेट मंत्र्याच्या पगाराइतकी : २०२५ मध्ये वर्षाला २,५०,६०० डॉलर. शिवाय कार्यालय आणि कर्मचारी. कायदा झाला तो माजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या हलाखीकडे बघून. ट्रूमन यांच्या पत्नीची कागदपत्रं खुली झाल्यावर ती हलाखी बरीच फुगवलेली निघाली, पण कायदा राहिला.

कार्टर लोणावळ्याजवळ घरं बांधायला आले होते. निवृत्त राष्ट्राध्यक्ष सगळे असेच वागतात का? (तळेगाव दाभाडे)

नाही हो. २००६ मध्ये मळवलीला हातोडी घेऊन उभे राहिलेले कार्टर हा अपवाद आहे. (त्यांच्या आई लिलियन १९६०च्या दशकात विक्रोळीत परिचारिका म्हणून काम करत होत्या, हे अनेकांना ठाऊक नसतं.) पदावर असताना शेंगदाण्याचा धंदा त्यांनी ट्रस्टकडे सोपवला आणि १९८१ मध्ये घरी परतले तेव्हा डोक्यावर सुमारे दहा लाख डॉलरांचं कर्ज होतं. ते त्यांनी धंदा विकून आणि पुस्तकं लिहून निस्तरलं. कंपन्यांची संचालकपदं घेतली नाहीत. भावाच्या बाबतीत मात्र ते हतबल ठरले. बिली कार्टर यांनी लिबियाकडून २,२०,००० डॉलर घेतले आणि १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात ते बाहेर आलं.

रुळलेली वाट फोर्ड यांची : कंपन्यांची संचालकपदं आणि मानधनाची भाषणं. रेगन यांनी १९८९ मध्ये जपानच्या एका माध्यमसमूहाकडून एका दौऱ्याचे २० लाख डॉलर घेतले. क्लिंटन यांनी २०१० मध्ये मॉस्कोत एका गुंतवणूक बँकेसमोर बोलण्याचे पाच लाख घेतले, पत्नी परराष्ट्रमंत्री असताना. यातलं काहीच बेकायदा नाही. पद सोडल्यावर ठरावीक काळ जुन्या सहकाऱ्यांकडे वशिला लावायला बंदी करणारा कायदा उपराष्ट्राध्यक्षाला दोन वर्षं बांधतो, राष्ट्राध्यक्षाला एक दिवसही नाही. आम्हाला ही त्यातली सर्वांत मोठी फट वाटते. पदावर असतानाच पुढचं मानधन मनात ठरलं असेल तर ते कोणत्या फॉर्ममध्ये लिहिणार?

आमच्या महाराष्ट्र मंडळाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला पैठणी भेट द्यायची आहे. चालेल का? (न्यू जर्सी)

चालेल. मंडळ अमेरिकेत नोंदलेलं आणि खासगी असेल तर भेट स्वीकारता येते. किंमत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल (२०२३ ते २०२५ साठी ४८० डॉलर, दर तीन वर्षांनी बदलते) तर ती विवरणाच्या नवव्या भागात दाखवावी लागते. म्हणून दुकानाची पावती सोबत जोडा. अगदी किरकोळ किमतीच्या वस्तू सोडल्या तर एकाच देणाऱ्याच्या वर्षभरातल्या भेटींची बेरीज धरतात, तेव्हा भारी शाल, मूर्ती वेगवेगळ्या पाकिटांतून पाठवून उपयोग नाही.

तीच पैठणी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी दिली तर गोष्ट वेगळी. परक्या देशाचं राज्य सरकार किंवा महापालिका हीसुद्धा ‘परकी सरकार’ धरली जाते. मर्यादेवरची भेट मग अमेरिकी जनतेची होते आणि अभिलेखागारात जाते; हवीच असेल तर बाजारभावाने विकत घ्यावी लागते. पंतप्रधान मोदींनी २०२३ मध्ये जिल बायडेन यांना दिलेला साडेसात कॅरटचा प्रयोगशाळेत घडवलेला हिरा अशा परकी भेटींच्या सरकारी यादीत २०,००० डॉलर किमतीसह नोंदला गेला.

टपालाने पाठवू नका. सुरक्षा तपासणीत वस्तू आठवडेच्या आठवडे अडकते आणि खराबही होऊ शकते. रेशमाचं काय होईल सांगता येत नाही. खाद्यपदार्थ तर नकोच. आधी पत्र लिहून व्हाइट हाउसच्या भेटवस्तू कार्यालयाशी ठरवून घ्या.

राष्ट्राध्यक्षांच्या ग्रंथालयांना देणग्या कोण देतं, हे कळतं का? (औंध, पुणे)

अर्धवट. राष्ट्राध्यक्ष पदावर असतानाच त्याच्या नावचं ग्रंथालय उभारणाऱ्या संस्थेला कोणीही, कितीही देऊ शकतं, परकी सरकारंसुद्धा, आणि संस्थेने नावं जाहीर करावीत अशी सक्ती नाही. तसे प्रस्ताव काँग्रेसमध्ये आले, कायदा झाला नाही. हा विषय पेटला तो २० जानेवारी २००१ ला. शेवटच्या दिवशी क्लिंटन यांनी १९८३ पासून फरार असलेल्या तेलव्यापारी मार्क रिच यांना माफी दिली. रिच यांच्या घटस्फोटित पत्नीने ग्रंथालयाला ४,५०,००० डॉलर दिले होते. चौकशी झाली, आरोपपत्र नाही.

शोधायचंच असेल तर एक खिडकी उघडी आहे. २००७ पासून नोंदणीकृत लॉबीवाल्यांना (पैसे घेऊन सरकारदरबारी वशिला लावणाऱ्यांना) अशा संस्थांना दिलेली २०० डॉलर किंवा त्याहून मोठी देणगी वर्षातून दोनदा कळवावी लागते. फॉर्म एलडी-२०३. तो ऑनलाइन खुला आहे आणि देणगीदाराच्या नावाने शोधता येतो. ओबामा यांच्या संस्थेने देणगीदारांची यादी स्वतःहून, टप्प्यांसह प्रसिद्ध केली. ती आणि लॉबीवाल्यांची यादी शेजारी ठेवून पाहिली तर बरीच नावं जुळवता येतात.