नाशिक ते बेळगाव: ३६ मिनिटं की तासभर?

ताई, तुम्ही विचारलंय की अंतर काढणाऱ्या साइटवर ओझर (नाशिकचं विमानतळ) ते सांबरा (बेळगावचं विमानतळ) ४७७ किलोमीटर, ३६ मिनिटं दिसतंय आणि तिकिटावर मात्र तासभर, मग वडिलांना घ्यायला गाडी कधी पाठवायची? तिकिटावरची वेळ धरा. साइटवाल्यांनी अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागलंय, बाकी काही केलेलं नाही.

अंतर मात्र बरोबर आहे, आणि घरबसल्या पडताळता येतं. ओझर साधारण २०.१२ अक्षांशावर, सांबरा १५.८६ वर. फरक ४.२६ अंश. अंशाला १११ किलोमीटर धरले की ४७३ येतात. बेळगाव जरा पूर्वेला आहे, त्याचे चार-पाच वाढतात. काही साइट विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरतात, म्हणून दहा-पंधरा किलोमीटर इकडे-तिकडे दिसले तर डोकं लावू नका.

आता वेळ. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. बऱ्याच छोट्या विमानतळांवर समांतर टॅक्सी-वे, म्हणजे धावपट्टीशेजारून विमान नेण्याचा वेगळा रस्ता नसतो, मग विमान धावपट्टीवरूनच रमतगमत टोकाला जातं, तिथे वळतं आणि मग पळतं. त्यात गंमत अशी की ओझर आणि सांबरा दोन्हीकडच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत आणि जायचंय सरळ दक्षिणेला. म्हणजे उडाल्यावर एक वळसा, उतरताना दुसरा. दहा हजार फुटांखाली वेगही सहसा ताशी ४६० किलोमीटरच्या आतच ठेवतात. एवढ्या छोट्या पल्ल्यात पूर्ण वेगाने उडायला मिळतंच किती? हे जेटचं झालं. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान असेल तर वेग ताशी ५०० च्या आसपास, मग सव्वा तासाच्या वरच धरा. तिकिटावर बऱ्याचदा विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघून घ्या.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. नाशिकमधला द्वारकेचा चौक ओलांडून, आडगावमार्गे आग्रा हायवेने दहाव्या मैलाला वळून जानोरीच्या टर्मिनलला पोहोचायला गर्दीच्या वेळी तास लागू शकतो. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, तेव्हा उड्डाणाच्या अडीच तास आधी घर सोडलेलं बरं. सांबऱ्याला उतरल्यावर मात्र सुख आहे: गर्दी कमी, सामान लवकर येतं आणि शहर दहा-बारा किलोमीटरवर. घर ते घर साडेचार तास धरा. गाडीने पुण्यावरून साडेपाचशे किलोमीटर होतात, दिवस त्यातच जातो.

एक मात्र बघा. अशा मार्गांवर विमान बहुतेकदा दुसऱ्या शहरातून येऊन पुढे जातं. तिकडे सकाळी धुकं पडलं की इकडे दुपारी उशीर, आणि त्या दिवशी दुसरी फेरी नसतेच. शिवाय ओझरची धावपट्टी एचएएलची, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्सची, त्यांच्या विमानांच्या चाचण्याही तिथूनच. बेळगावहून पुढे त्याच संध्याकाळची रेल्वे काढली असेल तर मध्ये निदान तीन-चार तास ठेवा. गाडीवाल्याला छापील वेळ सांगून ठेवा, पण नाशिकहून विमान उडाल्याचं कळल्यावरच त्याला निघायला सांगा. तो आरामात पोहोचतो.