‘अब्रूनुकसानीचा दावा ठोकीन’ म्हणतोय? म्हणू दे

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या एकीला नवरा दारू पिऊन मारतो. आम्ही चौघी जाब विचारायला गेलो, तर म्हणाला, ‘अब्रूनुकसानीचा दावा ठोकीन.’ तंटामुक्ती समितीने स्टॅम्पपेपरवर समझोता करून दिला, तरी मारहाण चालूच आहे. घर सासूच्या नावावर असल्याने ती गप्प बसते. आम्हाला तक्रार करता येईल का?

उत्तर : ताई, येईल. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं कलम 4 वाचा. हिंसाचार होतोय असं मानायला कारण असलेलं कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेला अधिकारी) कळवू शकतं, नातं लागत नाही. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही तिथेच आहे. मात्र हे कवच अधिकाऱ्याला दिलेल्या माहितीपुरतं. तिच्या वळांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवलेत, तर नवऱ्याला आयतं निमित्त मिळेल.

समझोत्याला घाबरू नका. ‘यापुढे कुठेही तक्रार करणार नाही’ हे वाक्य अशा कागदात हमखास असतं. त्याने तिचा हक्क बुडत नाही. उलट ‘पुन्हा हात उचलणार नाही’ असं त्याने लिहून दिलं असेल, तर आधी उचलला होता हे त्याच्याच सहीनिशी आलं! झेरॉक्स काढून ठेवा.

घर सासूचं असलं तरी ती तिथे नांदते आहे ना? मग कलम 17 प्रमाणे, कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं.

संरक्षणासाठी कोर्टात दिलेला अर्ज पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. तिथे मात्र तारखा पडतातच, म्हणून कलम 23 खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेशही सोबतच मागा. वकिलाच्या फीची चिंता नको. तालुका विधी सेवा समितीकडून महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. रात्री-अपरात्री मारहाण झाली तर 112, सल्ल्यासाठी 181.

एक खटकलं. पत्रात तुम्ही चौघींनी काय ठरवलंत ते सगळं आहे, तिचं म्हणणं कुठेच नाही. अर्ज दिल्यावर त्या घरात रात्र तिला काढायची आहे. आधी तिच्याशी एकटीशी बोला, तेही तिच्या घरी नाही. ती तयार असेल तर एकीने तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात जा आणि केसपेपर काढा. डॉक्टरने विचारलं की बायका सवयीने ‘न्हाणीत घसरून पडले’ म्हणतात, आणि केसपेपरवर तेच उतरतं. ‘नवऱ्याने मारलं’ हे तिथे तिनेच सांगायला हवं.