हॅन्डग्लोव्हज कधी बदलायचे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये ग्लोव्हजचे बरेच जुने खोके पडून आहेत. काहींवर बनवल्याची तारीख आहे पण एक्सपायरी कुठेच नाही. वापरायचे की टाकून द्यायचे?

उत्तर: टाकायची घाई नको, पण डोळे झाकून वाटूही नका. युरोपियन स्टँडर्डच्या ग्लोव्हवर किंवा पाकिटावर कारखान्याचं छोटं चित्र असेल तर त्याच्या शेजारची तारीख बनवल्याची, आणि वाळूच्या घड्याळाचं चित्र असेल तर त्याच्या शेजारची तारीख शेवटची. दुसरं चित्र नसेल तर तो कितीही वर्षं चालतो असा अर्थ काढू नका. एकदा वापरून टाकायच्या पातळ ग्लोव्हजना कंपन्या साधारण ३ ते ५ वर्षं देतात, लेटेक्सला (नैसर्गिक रबर) कमी आणि नायट्राईलला (कृत्रिम रबर) जास्त, पण ही वर्षं थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागेत बंद खोक्यात ठेवलेल्या मालाची असतात. खोका खिडकीत उन्हात राहिला असेल, पत्र्याच्या छताखाली सगळ्यात वरच्या फळीवर तापत असेल, तर ती तारीख विसरा.

रबराला ऊन आणि उष्णता तर खातेच, पण ओझोन नावाचा वायूही खातो आणि तो वेल्डिंगच्या आर्कजवळ, ठिणग्या उडणाऱ्या मोटरजवळ तयार होतो, म्हणून ग्लोव्हजचं कपाट वेल्डिंगच्या बाजूला असेल तर आधी ते हलवा. ओझोन ताणलेल्या रबराला आधी धरतो, त्यामुळे घडी पडलेल्या जागी सगळ्यात आधी केसासारख्या चिरा येतात. तांब्याच्या तारा, तांब्याचे पार्ट यांच्यासोबतही नैसर्गिक रबर ठेवू नका, तांब्याच्या संगतीत ते लवकर खराब होतं.

आता खोका उघडा. तोंडाशी असलेला एक ग्लोव्ह घ्या आणि तळातला एक घ्या, कारण हवा आणि उजेड वरच्याला जास्त लागलेला असतो. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधली जागा उजेडासमोर धरून ताणा. चिरा दिसल्या, हाताला चिकट लागलं, कडक होऊन मोडल्यासारखं वाटलं, दोन ग्लोव्ह एकमेकांना चिकटून बसले असतील तर अख्खा खोका बाद, त्यातले चांगले निवडत बसू नका, एकाच वयाचे आणि एकाच जागी राहिलेले आहेत सगळे. आणि या तपासणीत पास झाला म्हणून तारीख उलटलेला ग्लोव्ह केमिकलच्या किंवा रक्ताच्या कामाला देऊ नका, डोळ्याला न दिसणारी भोकं असतात.

प्रश्न: आम्ही सॉल्व्हंटने पार्ट साफ करतो. जाड नायट्राईलचे ग्लोव्हज संध्याकाळी धुवून वाळत घालतो आणि फाटेपर्यंत चालवतो. बरोबर आहे ना?

उत्तर: नाही दादा, आणि हे जरा कळकळीने सांगतोय. केमिकलला आत यायला भोक लागत नाही, ते ग्लोव्हच्या मटेरियलमध्ये मुरतं आणि आतल्या बाजूने बाहेर पडतं, ग्लोव्ह वरून अगदी नवा दिसत असतानाच. संध्याकाळी तुम्ही वरचं धुतलंत तरी मुरलेलं मुरलेलंच राहतं आणि रात्रभर आत सरकत राहतं, म्हणजे सकाळी हात घालता तेव्हा ते कातडीला लागायला तयार असतं. त्यामुळे काल एक तास वापरला असेल, तर ग्लोव्ह केमिकल किती वेळ अडवेल याची मोजणी आज परत शून्यापासून सुरू होत नाही.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान यांच्या बाबतीत हेच झालं. ऑगस्ट १९९६ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना डायमिथाईल मर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे थेंब त्यांच्या लेटेक्स ग्लोव्हवर पडले, नियमाप्रमाणे ग्लोव्ह घातलेला होता, तरी पाऱ्याच्या विषबाधेने जून १९९७ मध्ये त्या गेल्या. नंतरच्या चाचणीत दिसलं की ते केमिकल तसल्या ग्लोव्हमधून १५ सेकंदांच्या आत आरपार जातं. तुमचं सॉल्व्हंट तितकं जहाल नसेल, पण आत शिरायची रीत तीच आहे.

ग्लोव्हवर चंबूचं चित्र बघा, त्याच्यासोबत ए, बी किंवा सी टाईप लिहिलेला असतो. ए म्हणजे ठरलेल्या यादीतल्या किमान ६ केमिकलना प्रत्येकी किमान ३० मिनिटं, बी म्हणजे किमान ३ केमिकलना ३० मिनिटं, आणि सी म्हणजे किमान एका केमिकलला किमान १० मिनिटं आरपार जाऊ न देणारा. ही चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते, हातात घातलेला ग्लोव्ह त्यापेक्षा गरम असतो म्हणून प्रत्यक्षात वेळ कमीच मिळतो. तुमच्या सॉल्व्हंटचं नाव सांगून, ग्लोव्ह ते किती वेळ अडवतो याचा तक्ता ग्लोव्हच्या कंपनीकडून मागवा. ॲसिटोन असेल तर नायट्राईल मुळात चुकीचा आहे, त्याला ब्युटाईल रबर लागतं. आणि ग्लोव्ह फुगला, मऊ पडला, रंग बदलला की वेळ संपायची वाट न बघता काढा.

प्रश्न: लाईटच्या कामाचे रबरी ग्लोव्हज वर्षभर पेटीत आहेत, एकदाही वापरले नाहीत. चालतील?

उत्तर: टेस्ट झाल्याशिवाय नाही. अमेरिकेच्या ओशाचा (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियम असा की कामाला देण्याआधी व्होल्टेज टेस्ट, नंतर दर ६ महिन्यांनी, आणि न वापरता ठेवलेला असला तरी टेस्ट १२ महिन्यांच्या आतली पाहिजे. हे ग्लोव्हज दुमडून, उलटे करून किंवा वर सामान रचून ठेवायचे नाहीत. रोज कामाआधी मनगटाकडून गुंडाळत हवा बोटांत कोंडायची, ग्लोव्ह गालाजवळ आणि कानाजवळ धरायचा, फुसफुस आली की बाद. पंक्चरचा पॅच, टेप असलं काही स्वतः लावून चालवू नका. वरून लेदरचा ग्लोव्ह घालायचा, पण आधी तो झटकून आत धातूचा कीस नाही ना बघा.

प्रश्न: कट लागू नये म्हणून असलेले पिवळे ग्लोव्हज ब्लीचमध्ये धुतले तर चालतात का? आणि लेदरचे?

उत्तर: पिवळे बहुतेक ॲरामिडचे (एक मजबूत कृत्रिम धागा) असणार, त्याला क्लोरीनवालं ब्लीच अजिबात नको, धाग्याची ताकद जाते. उन्हातही वाळवू नका, तपकिरी पडायला लागले की ऊन लागलंय समजा. साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. लेदर ओलं झालं तर हीटरवर टाकू नका, कडक होऊन शिवणीपाशी तडकतं. दोन्हींत तळहाताकडची बाजू आणि बोटांच्या मधल्या जागा बघायच्या, तिथे विरळ झालं की तो ग्लोव्ह त्या कामातून काढा.