रॉटवायलर कुत्रा घेतलास? मझलची (तोंडाला बांधायच्या मुसक्याची) सवय आधी लाव
पिल्लू लहान आहे तोवरच मझलची सवय लाव. कापडी मझल फिरायला नको. त्यात जबडा आवळला जातो, धापा टाकता येत नाहीत आणि अंग तापतं. जाळीचा बास्केट मझल घे, तोंड उघडून पाणी पिता आलं पाहिजे. आत खाऊ ठेव, नाक त्यालाच घालू दे. बक्कल लावायची घाई केलीस की पंजाने ओरबाडून काढायला शिकतो. पिल्लू वाढेल तसं माप बदलतं, हे बरेच जण विसरतात.

पट्टा साधा, दीड-दोन मीटरचा. लांबत जाणारा नकोच, झटक्यासरशी मूठ हातातून निसटते.

गुरगुरला म्हणून मारू नकोस. गुरगुरणं दाबलं की पुढे इशारा न देता थेट चावतो. आणि लहान मुलांजवळ एकटा सोडायचा नाही, कितीही गरीब वाटला तरी.