टर्स म्हणजे तिसरा प्रहर नव्हे

प्रश्न असा आला आहे : स्पेनमधल्या आविला गावच्या कार्मेल मठावरचा (कार्मेल हा ख्रिस्ती संन्यासिनींचा पंथ) लेख मराठीत आणताना ‘टर्स’ला, म्हणजे तिथल्या रोजच्या ठरलेल्या प्रार्थनांपैकी एकीला, ‘तिसऱ्या प्रहरची प्रार्थना’ म्हणावे का? आणि तिथल्या स्त्रियांना ‘जोगिणी’?

नका म्हणू. लॅटिन ‘तेर्तिया’ म्हणजे तिसरी हे खरे, पण तिसरा मोजलाय तो तास. रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त असे बारा तास धरत, म्हणजे तिसरा तास संपतो सकाळी नऊच्या सुमाराला. आपला तिसरा प्रहर बारा ते तीन. तिसऱ्या प्रहरचा चहा कोणी सकाळी नऊला मागत नाही!

गंमत म्हणजे टर्स, सेक्स्ट (सहाव्या तासाची), नोन (नवव्या तासाची) या प्रार्थनांमध्ये तीन-तीन तासांचे अंतर आहे, म्हणजे बरोबर एकेक प्रहर. टर्सला पहिला प्रहर सरतो, सेक्स्टला दुसरा, नोनला तिसरा. आपली ‘दुपार’ दोन प्रहरांवरून आली, आणि त्याच वेळेच्या ‘सेक्स्ता’वरून स्पॅनिश ‘सिएस्ता’, म्हणजे वामकुक्षी. नोन मात्र जागची हलली. संत बेनेडिक्टने मठांसाठी घालून दिलेल्या नियमात सप्टेंबरच्या मध्यापासून जेवण नोननंतरच. प्रार्थना हळूहळू अलीकडे सरकत बारावर आली आणि इंग्रजीत ‘नून’ होऊन बसली. भुकेने ओढली असे म्हणतात, मला पटते.

घड्याळाप्रमाणे सगळे चाले असेही नाही. संत तेरेसाने 1562 मध्ये आविलात मठ काढला. तिच्या नियमात उन्हाळ्यात पाचला उठायचे, सहापर्यंत मूक प्रार्थना, आणि लगेच नोनपर्यंतच्या प्रार्थना ओळीने म्हणून टाकायच्या, त्याही चाल न लावता, एका सुरात. मग ज्या त्या कामाला. तेव्हा त्या मठातली ‘नववी’ प्रार्थना सकाळीच उरकलेली असे.

म्हणून ‘टर्स’ तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘पहिला प्रहर सरतानाची प्रार्थना’ असे जोडा. संध्याकाळच्या वेस्पर्सला ‘सायंप्रार्थना’ सरळ बसते.

‘जोगीण’ नकोच. जोगीण जोगवा मागत दारोदार फिरते. या बायका मठाचा उंबरा ओलांडत नाहीत. वसईच्या ख्रिस्ती मराठीत ‘धर्मभगिनी’ रुळलेला आहे, तो घ्या. शाळेत शिकवणाऱ्या, दवाखान्यात राबणाऱ्याही धर्मभगिनीच, म्हणून इथे ‘मठवासी’ जोडा. ‘कॉन्व्हेंट’ लिहिलेत तर वाचक थेट इंग्रजी शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत जाऊन उभा राहील.